साधन गुंतलेले असता : संग्रहयंत्रे व ड्रायव्हर यांच्या इतिहासातील एक प्रश्न

ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास पाहताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः मोठ्या कल्पनांकडे जाते. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे, आभासी स्मृती, फाइलींची रचना हे विषय भारदस्त आहेत व त्यांवर विपुल लेखन झाले आहे. ड्रायव्हर, म्हणजे एखाद्या विशिष्ट साधनाशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा सिस्टिमचा भाग, हा त्या मानाने कारकुनी समजला गेला. प्रस्तुत लेखात या कारकुनी विभागातील एकाच प्रश्नाचा मागोवा घेण्याचे योजिले आहे. संग्रहाचे साधन, मग ती फीत असो, डिस्क असो की आजची फ्लॅश स्मृती असो, आधीच्या कामात गुंतलेले असताना त्याच्याकडे नवे काम आले तर वाट कोणी पाहावयाची, किती वेळ पाहावयाची, आणि ती संपली असे कोणी ठरवावयाचे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘गुंतलेले’ आणि ‘बिघडलेले’ या दोन अवस्थांत भेद करणे हे ड्रायव्हरचे पहिले कर्तव्य होय; परंतु हा भेद आरंभापासून स्पष्ट नव्हता. तो टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत गेला, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत कोणाच्या तरी माहितीने चुकविली. एखादा माणूस कामात गुंतला आहे म्हणून तो आजारी पडला असा निष्कर्ष आपण काढीत नाही. यंत्रांच्या बाबतीत मात्र असा निष्कर्ष दीर्घकाळ काढला गेला.

हा प्रश्न संगणकाने प्रथम निर्माण केला असेही नाही. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एर्लांग याने १९०९ व १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याचे गणित मांडले. त्या गणितात दोन प्रकारच्या व्यवस्था वेगळ्या केलेल्या आहेत. पहिलीत ओळ मोकळी नसेल तर मागणी परत पाठविली जाते व मागणाऱ्याने पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. दुसरीत मागणी रांगेत लावून घेतली जाते. वऱ्हाडातील जुन्या पिढीला या दोहोंचा अनुभव आहे. गावातल्या गावात फोन लावला व ‘एंगेज’ असल्याचा सूर ऐकू आला की फोन ठेवून थोड्या वेळाने पुन्हा लावावा लागे. नांदगाव खंडेश्वर, दारव्हा, मूर्तिजापूर अशा गावांहून मुंबईस ट्रंक कॉल करावयाचा असेल तर तो नोंदवून ठेवावा लागे. मग माणूस आपल्या कामाला लागे, आणि ओळ मिळाली की एक्स्चेंजमधून घंटी येई. अधिक दर भरणाऱ्याचा ‘अर्जंट’ कॉल रांगेत पुढे सरके, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फेरप्रयत्न, नोंदणी, घंटी आणि अग्रक्रम या चारही कल्पना ड्रायव्हरच्या इतिहासात जशाच्या तशा पुन्हा भेटतात.

आता संगणकाकडे वळू. महाराष्ट्रातील पहिला स्वदेशी संगणक टिफ्रॅक हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला. त्याचे पूर्ण रूप १९६० साली कार्यान्वित झाले व १९६२ साली त्याचे नामकरण झाले. त्याची स्मृती फेराइट कड्यांची होती, तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, आणि माहिती आत जाई ती छिद्रांच्या कागदी फितीवरून. अशा यंत्रात ‘साधन गुंतलेले आहे’ हा प्रश्न वेगळा म्हणून उपस्थितच होत नाही. फीत वाचली जात असता गणकयंत्र थांबते, अक्षर आले की पुढे जाते. वाट पाहणारा एकच, ज्याची वाट पाहावयाची तेही एकच, आणि मध्ये कोणी ऑपरेटिंग सिस्टिम नाही. वाचक अडला तर शेजारी उभा असलेला माणूस फीत सारखी करी. ‘गुंतलेले’ आणि ‘बिघडलेले’ यांतील निवाडा अशा रीतीने मानवी डोळ्यांकडे होता, आणि तो बहुधा अचूकच असे.

ही साधी घडी फिरत्या डिस्कने मोडली. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्राच्या डिस्कसंचात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि सर्व मिळून ५० लक्ष अक्षरे त्यांवर मावत. वाचणारा दांडा एका चकतीवरून निघून दुसरीवर जाई. हव्या त्या जागी पोचण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. एका बेरजेस ५० मायक्रोसेकंद घेणारे गणकयंत्र या काळात १२,००० बेरजा करील. म्हणजे डिस्कला एक प्रश्न विचारून गप्प उभे राहणे याचा अर्थ १२,००० बेरजांचे काम पाण्यात घालणे असा झाला. संगणकाचा एक तास हजारो रुपयांच्या हिशेबात मोजला जाण्याच्या त्या काळात हे परवडणारे नव्हते.

यावर निघालेला उपाय म्हणजे इंटरप्ट, अर्थात ट्रंक कॉलची घंटी. बाहेरच्या साधनाने काम झाल्याचे स्वतःहून कळवावे आणि गणकयंत्राने हातातील काम बाजूस ठेवून त्याकडे पाहावे, ही योजना अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ साली बांधलेल्या डायसेॲक यंत्रात दिसते. युरोपात हिचा सर्वांत चिकित्सक विचार डाइक्स्ट्रा यांनी केला. इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्रासाठी लिहिलेली इंटरप्टची व्यवस्था हाच त्यांच्या १९५९ सालच्या प्रबंधाचा विषय होता. घंटी केव्हा वाजेल हे सांगता येत नाही, त्यामुळे घडलेली चूक पुन्हा घडवून दाखविता येत नाही, ही अडचण त्यांनी फार लवकर ओळखली. या अडचणीतूनच पुढे सेमाफोरची कल्पना आली. ती आज सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. तिच्या मुळाशी वाट पाहण्याचा हा साधा व्यवहार आहे, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

महाराष्ट्रात हा बदल १९६४ साली आला. त्या वर्षी टाटा संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचे ३६०० हे यंत्र १६०-ए या लहान यंत्रासह बसविण्यात आले. (अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे, हा योगायोग.) कंट्रोल डेटाच्या ३००० मालिकेतील यंत्रांत साधनाशी संधान बांधण्याची एक स्वतंत्र आज्ञा असे, आणि साधनाने वा वाहिनीने मागणी नाकारली तर पुढे काय करावयाचे याची सोय त्या आज्ञेच्या रचनेतच केलेली असे. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा तपशील मोलाचा आहे. नकार हा अपघात नसून अपेक्षित उत्तरांपैकी एक आहे, हे येथे यंत्राच्या आज्ञाभाषेतच मान्य झाले. आज्ञा लिहिणाऱ्याला नकाराचा विचार केल्यावाचून पुढे जाताच येत नसे. नंतरच्या अनेक यंत्रांत ही सक्ती राहिली नाही, आणि ती राहिली असती तर पुढील काही प्रकरणे टळली असती असे आम्हांस वाटते.

सत्तरीच्या दशकातील युनिक्सकडे येताना आपण प्रथमच असा ड्रायव्हर पाहतो की जो कोणाही विद्यार्थ्याला अक्षरशः वाचता येतो. सहाव्या आवृत्तीचा (१९७५) मूळ मजकूर जॉन लायन्स यांनी न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी टीपांसह छापला. त्यात आरके जातीच्या डिस्कचा ड्रायव्हर आहे. तो दोन-तीन पानांचा आहे, आणि त्याची रचना अशी. मागणी आली की ती प्रथम रांगेत लावावयाची. डिस्क सक्रिय असल्याची एक खूण ठेवलेली असते. खूण नसेल तर रांगेतील पहिली मागणी डिस्ककडे पाठवावयाची. खूण असेल तर काहीच न करता परत फिरावयाचे, कारण घंटी वाजल्यावर पुढील मागणी आपोआप पाठविली जाणार असते. ज्या प्रक्रियेस माहिती हवी आहे ती निजते व माहिती आल्यावर जागी केली जाते.

येथे ‘गुंतलेले’ ही अवस्था साधनास विचारून कळत नाही, ती ड्रायव्हर स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. डिस्क खरोखर मोकळी आहे की नाही यापेक्षा आपण तिला काम दिले आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे, अशी ही भूमिका आहे. एक डिस्क, एक मालक आणि एका वेळी एक काम असे असेतो ती निर्दोष ठरते.

याच ड्रायव्हरमध्ये घंटी वाजल्यावर चालणारा जो भाग आहे, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. डिस्कने चूक कळविली असेल तर तीस पूर्वस्थितीवर आणण्याची आज्ञा दिली जाते, आणि नियंत्रक सिद्ध होईपर्यंत एक रिकामे आवर्तन फिरत राहते; त्या आवर्तनाच्या पोटात केवळ एक अर्धविराम आहे. ज्या ड्रायव्हरची सर्व मांडणी वाट न पाहण्यासाठी केली आहे, त्याच्याच गाभ्यात टिफ्रॅकच्या काळचे निश्चल थांबणे असे शिल्लक राहिले आहे! डिस्क पुन्हा कधीच सिद्ध झाली नाही तर संपूर्ण यंत्र त्या अर्धविरामावर अडकून पडेल. पूर्वस्थितीवर आणल्यानंतर तीच मागणी पुन्हा पाठविली जाते, असे दहा वेळा केले जाते, आणि तरीही चूक राहिली तर मागणाऱ्यास अपयश कळविले जाते. दहा हा आकडा कोठून आला? त्यामागे गणित दिसत नाही, अनुभव असावा. पण येथे एक परंपरा सुरू झाली. अपयशाची व्याख्या कारणावरून न करता प्रयत्नांच्या संख्येवरून करण्याची ही परंपरा होय.

त्यानंतरचा बदल यंत्ररचनेतून आला. ऐंशीच्या दशकात डिस्कचा नियंत्रक डिस्कच्याच पोटात गेला. १९८६ साली कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा, म्हणजे मुंबईस ३६०० पुरविणारीच कंपनी, यांच्या सहकार्यातून पुढे एटीए या नावाने मान्यता पावलेली जोडणी निघाली. हिच्या स्थितिदर्शक रजिस्टरातील सर्वांत वरचा बिट ‘गुंतलेले’ असे सांगतो, आणि नियम असा की तो बिट लागलेला असताना त्याच रजिस्टरातील इतर बिटांवर विश्वास ठेवू नये. आज्ञा दिल्यानंतर तो बिट पाहण्यापूर्वी ४०० नॅनोसेकंद थांबावे असाही दंडक आहे. कारण आज्ञा मिळाल्याचे डिस्कच्या ध्यानात येण्यासच तेवढा अवधी लागतो. त्यापूर्वी पाहिल्यास ती मोकळी दिसते. घाईने लिहिलेल्या ड्रायव्हरना या ४०० नॅनोसेकंदांनी पुष्कळ छळले आहे.

१९८६ सालच्याच स्कझी मानकाने याहून मूलगामी गोष्ट केली. त्यात डिस्क ही केवळ आज्ञाधारक वस्तू राहिली नाही. ती प्रत्येक आज्ञेला उत्तर देणारी, स्वतःची बुद्धी असलेली सहभागी झाली. तिच्या उत्तरांत ‘गुंतलेली आहे’ हे एक स्वतंत्र उत्तर ठरविण्यात आले. चूक झाल्याचे उत्तर निराळे, आणि हे निराळे. १९९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एकाच डिस्ककडे अनेक आज्ञा एका वेळी सोपविण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा ‘रांग भरली’ असे आणखी एक उत्तर आवश्यक झाले. या दोहोंत सूक्ष्म पण खरा भेद आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारावर गाडी नेली असता आवारात गाड्या लावण्यास जागा नाही असे सांगितले जाते, तेव्हा एखादी गाडी रिकामी होऊन बाहेर पडली की आपला नंबर लागेल हे आपणास ठाऊक असते. आत काही तरी चालले आहे, सध्या माल घेत नाही, एवढेच सांगितले तर मात्र किती थांबावे याचा अंदाज येत नाही. पहिले उत्तर मिळाल्यास ड्रायव्हरने पाठविण्याचे प्रमाण कमी करावे. दुसरे मिळाल्यास थोडा काळ थांबून तीच मागणी पुन्हा द्यावी.

लिनक्समध्ये याची जी अंमलबजावणी झाली तीत हा भेद बऱ्याच अंशी पाळलेला आहे. ‘रांग भरली’ हे उत्तर वारंवार आले की त्या साधनाच्या रांगेची मान्य खोली उतरविली जाते. ‘गुंतलेली आहे’ या उत्तरावर मागणी रांगेत परत ठेवली जाते आणि साधन काही काळ अडविलेले मानले जाते. अशी परत ठेवलेली मागणी अपयशी प्रयत्नांत मोजली जात नाही. मात्र तिला अनंतकाळही दिलेला नाही. सामान्य डिस्कसाठी एका आज्ञेची मुदत ३० सेकंद व फेरप्रयत्न ५. त्यावरून एकूण मर्यादा ३० गुणिले ६, म्हणजे १८० सेकंद ठरते. तेवढ्या काळात डिस्क मोकळी झाली नाही तर मागणी संपविली जाते. युनिक्सच्या दहा प्रयत्नांच्या जागी येथे घड्याळ आले, आणि ही प्रगतीच म्हटली पाहिजे. वेगवान यंत्रावर दहा प्रयत्न डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपतात, तीन मिनिटे मात्र तीन मिनिटेच राहतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे याचा दाखला २००६-०७ च्या सुमारास मिळाला. त्या काळी एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची पद्धत कार्यालयांत पसरू लागली होती, आणि त्यांच्या डिस्का दूरच्या सामाईक संग्रहात असत. संग्रहाकडे जाणारा एक मार्ग तुटला की दुसरा घेतला जाईपर्यंत काही क्षण जात, आणि त्या क्षणांत आभासी डिस्क ‘गुंतलेली आहे’ असे उत्तर देई. व्हीएमवेअरवर चालणाऱ्या लिनक्सच्या काही आवृत्त्यांतील ड्रायव्हरकडून हे उत्तर नीट हाताळले जात नसे. फेरप्रयत्न संपत, वरच्या थरास लेखन अपयशी झाल्याचे कळे, आणि ईएक्सटी-३ ही फाइलव्यवस्था आपल्या नियमाप्रमाणे स्वतःस केवळ-वाचनीय करून घेई. डिस्कवर एकही ओरखडा नव्हता. काही सेकंदांत ती पुन्हा मोकळीही होई. पण तोवर त्या यंत्रावरील प्रत्येक नोंदीचे लेखन थांबलेले असे, व माणसाने येऊन यंत्र पुन्हा चालू करीपर्यंत ते थांबलेलेच राही. येथे फाइलव्यवस्थेला दोष देता येत नाही. लेखन अपयशी झाले आहे असे तिला सांगण्यात आले, आणि तसे खरोखरच झाले असते तर तिने केले तेच योग्य होते. खोटी बातमी खालच्या थरातून आली.

फ्लॅश स्मृतीने या इतिहासाला एक अनपेक्षित वळण दिले आहे. तीत फिरणारी चकती नाही व सरकणारा दांडा नाही. वेगवान साधनांवर एक वाचन दहा-वीस मायक्रोसेकंदांच्या घरात उरकते. मग घंटी वाजवून प्रक्रियेला जागे करण्याचा खर्चच प्रत्यक्ष वाचनाच्या खर्चाशी तुलना करण्याइतका होतो. २०११ साली आलेल्या एनव्हीएमई मानकाने एका साधनास हजारो रांगा दिल्या, आणि २०१२ साली इंटेलमधील संशोधकांनी अशा साधनांसाठी वाट पाहत उभे राहणेच स्वस्त पडते असे मोजमापांनिशी दाखविले. लिनक्समध्ये ही सोय नंतरच्या काही वर्षांत झाली. रॅमॅकने जी पद्धत टाकाऊ ठरविली तीच अशा रीतीने निवडक ठिकाणी परत आली. पद्धती जुन्या वा नव्या नसून साधनाच्या वेगाशी जुळणाऱ्या वा न जुळणाऱ्या असतात, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

तथापि सर्वच फ्लॅश वेगवान नाही, आणि आपल्या भागाशी ज्या फ्लॅशचा संबंध येतो ती बहुतांशी संथ आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील शेतकरी आपल्या शेतातील सोयाबीन, कपाशी वा तूर यांचे छायाचित्र फोनवर काढतो आणि पिकाची नोंद स्वतः करतो. तीच पुढे गाव नमुना बारावर येते, आणि पीकविमा, नुकसानभरपाई, खरेदी या सर्वांना तिचा आधार लागतो. शेतात संपर्क मिळत नसेल तर ती काही काळ फोनमध्येच राहते. महागड्या फोनांतील संग्रह यूएफएस जातीचा असून तो स्कझीचीच आज्ञाभाषा बोलतो. स्वस्त फोनांत ईएमएमसी असते, किंवा वरून घातलेले कार्ड. त्यात माहिती लिहिली जात असता साधन आपल्या माहितीच्या तारांपैकी शून्य क्रमांकाची तार खाली ओढून धरते, आणि ती खाली असेतो त्याचा अर्थ ‘गुंतलेले आहे’ असा. घंटी नाही, शब्दांत उत्तरही नाही. जुन्या व भरत आलेल्या कार्डात जागा मोकळी करण्याचे अंतर्गत काम मधूनच निघते, आणि नेहमी काही मिलिसेकंदांत संपणारे लेखन शेकडो मिलिसेकंद लांबते. एसडी मानकात या अवस्थेसाठी सामान्य कार्डास २५० मिलिसेकंदांपर्यंत सूट आहे.

लिनक्सचा यासंबंधीचा ड्रायव्हर, जो अँड्रॉइडमार्गे या फोनांत चालतो, तो अलीकडच्या आवृत्त्यांत असे करतो. तार खालीच दिसली तर तो सुमारे ३२ मायक्रोसेकंद थांबतो व पुन्हा पाहतो. अजूनही खाली असेल तर त्याच्या दुप्पट थांबतो, मग त्याच्याही दुप्पट, असे करीत सुमारे ३२ मिलिसेकंदांपर्यंत जातो; त्यापुढे अंतर वाढवीत नाही. लवकर मोकळे होणाऱ्या कार्डाचा वेळ याने वाया जात नाही, आणि रेंगाळणाऱ्या कार्डामागे प्रोसेसर शिणत नाही. दिलेली मुदत पूर्ण संपली तरच तो वरच्या थरास मुदत टळल्याचे कळवितो. त्या वेळी तो नोंदवहीत जे वाक्य लिहितो त्यात कार्ड बिघडले असे म्हटलेले नाही. कार्ड गुंतलेल्या अवस्थेतच अडकून पडले आहे, एवढेच त्यात आहे.